एका मीटरला किती ठोके

वाडी, पोस्ट नांदूरघाट, ता. केज
१४ डिसेंबर २००३

केशरअक्का,

"चालायला काय लागतंय? पाय उचलायचा, टाकायचा." आप्पांचं हे वाक्य तुला आठवतं का? आजोळी युसूफ वडगावला आपली एसटी चुकली होती. आपण आठ-दहा वर्षांच्या, आणि आप्पा-आजोबांनी आपल्याला सरळ केजच्या वाटेला लावलं होतं. वाटेत तू रडलीस, मी रडले नाही, आणि पुढची पस्तीस वर्षं मी त्याचा अभिमान बाळगून आहे. काल प्रयागला ब्रेस घालून अंगणात चालवताना तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं. पोरगी थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मंग तू घाल, आत्या."

तर ब्रेस पोचले. तुमच्या पुनर्वसन केंद्राच्या शिबिरात तू माप घेतलं होतंस, अगदी तसेच बसले. पोटरीमागून उतरून तळव्याखाली वळलेलं ते पांढरं प्लास्टिक बघून माय म्हणाली, हे तर साचे. तेव्हापासून घरात त्यांना साचेच म्हणतात. साच्यात पाय, पायावर तीन पट्टे, आणि साच्यासकट पाय बुटात. प्रयाग उभी राहिली तेव्हा तिची टाच जमिनीला टेकली होती. नऊ वर्षांची झाली, आजवर चवड्यांवरच चालली. मी चष्मा पुसला. यंदा धूळ फार आहे.

आता काम सांगते. धर्मराज आणि छबू दसऱ्याला ऊसतोडीला गेले. माझा भाऊ वाईट बाप नाही, हे तुला माहीत आहे. पण जाताना तो मला म्हणाला, पुढच्या दसऱ्याला प्रयागला सोबत नेतो. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच. पाचवी नांदूरघाटला, म्हणजे दोन किलोमीटर, मधे ओढा आणि ओढ्यानंतर चढ. रोज तेवढं तिला होणार नाही. यंदा तान्ह्याला बघायला छबूनं आपली बहीण नेली आहे, पण तिचं वैशाखात लग्न. "फडावरच्या कोपीत बसून ल्येकराला बघंल. बसायचंच तर काम हाय," असं म्हणाला. त्याचं म्हणणं चुकीचं असतं तर मला इतका राग आला नसता.

मी त्याला म्हटलं, मेपर्यंत थांब, ही चालते की नाही ते मी तुला दाखवते. म्हणताना मोठ्या रुबाबात म्हटलं. आता दाखवायचं कसं, ते तू सांग. फोन करणार होते, पण नांदूरघाटच्या बूथवर आपण बोलायला लागलं की रांगेतली माणसं आपल्याला उत्तरं देतात.

तुझी
गीता


औरंगाबाद
२६ डिसेंबर २००३

गीता,

रडली होतीस ती तू. मी तुझी पिशवीसुद्धा धरली होती. असो.

प्रयाग चालते की नाही, हा प्रश्नच नाही. चालते. सेरेब्रल पाल्सीच्या पोरांबद्दल सगळे हेच विचारतात आणि सगळे चुकतात. मेंदूकडून स्नायूंना चुकीचे निरोप जातात, पाय एकमेकांशी भांडतात, आणि त्या भांडणात शक्ती जाते. धडधाकट मुलाला शाळेत पोचायला जेवढं लागतं, त्याच्या दुप्पट-तिप्पट हिला लागतं. म्हणजे ती पोचेल, पण शिकायला तिच्यात काही उरलेलं नसेल. धर्मराजला हे कुणी सांगितलेलं नाही, तरी त्याला ते बरोबर कळलंय.

ब्रेसनी पाय सरळ पडला तर हा खर्च कमी व्हायला हवा. काहींना होतो, काहींना होत नाही, काहींना उलट जडच होतात. म्हणून मोजायचं. इथं आमच्याकडे त्यासाठी तोंडाला लावायचं यंत्र आहे. तुझ्याकडे घड्याळ आहे आणि पोरीला नाडी आहे, तेवढ्यावर भागतं.

पाच मिनिटं तिला बसव. पंधरा सेकंद नाडी मोज, चारनं गुण. मग सपाट जागेवर तिच्या चालीनं पाच मिनिटं चालव. किती मीटर झाले ते मोज. थांबल्याबरोबर पुन्हा पंधरा सेकंद, पुन्हा चारनं गुण. चालतानाची नाडी वजा बसलेली नाडी, भागिले मिनिटाला चाललेले मीटर. उत्तर येईल ते एका मीटरला किती जादा ठोके. धडधाकट पोरांचं अर्ध्याच्या आतबाहेर येतं. दर आठवड्याला एकदा ब्रेस घालून, एकदा काढून. सहा आठवडे.

वीस वर्षं तू दुधातलं फॅट काढतेस. घागर डोक्यावरून खाली उतरायच्या आत पाणी ओळखतेस, अशी तुझी ख्याती आहे. तुला हे जड नाही.

केशर


वाडी
२ फेब्रुवारी २००४

केशरअक्का,

सहा आठवडे झाले. डेअरीसमोर पंचवीस मीटर मापून दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारली. पाणी नाही, चारा नाही, म्हणून दूधही नाही. सकाळी नऊ कॅन भरायचे, आता दोन. त्यामुळे मला, म्हणजे सचिवबाईंना, वेळच वेळ. सगळी वाडी बघायला जमायची. नाडी बघतानाचा माझा चेहरा डॉक्टरीणबाईसारखा दिसतो, असं शेजारची सारजाबाई म्हणाली. मला ते आवडलं.

आकडे: ब्रेसशिवाय चालल्यावर नाडी १५२, ती तशीच राहिली. ब्रेस घालून पहिल्या आठवड्यात १४७, मग १४५, १४२, १३९, १३७, आणि सहाव्याला १३५. बसलेली नाडी ९२. अंतरही दर आठवड्याला थोडं थोडं वाढत गेलं. कागद सोबत जोडला आहे, खाली सही आणि शिक्का आहे.

तुमच्या केंद्राच्या कागदावर चार ओळी लिहून दे, की ब्रेसचा फायदा दिसतो आहे, तरी मुलीला शाळेत घालावं. धर्मराजची टोळी परत आली की त्याच्या हातात ठेवते.

गीता


औरंगाबाद
११ फेब्रुवारी २००४

गीता,

शिक्का दूध संस्थेचा आहे. तो राहू दे.

पंधरा सेकंद नाडी मोजून चारनं गुणलं, तर १४७ कसे येतील? १४५ कसे? १३९, १३७, १३५? ब्रेसचे सहा आकडे आणि त्यातल्या एकालाही चारनं भाग जात नाही. बाकीचे दोन, १५२ आणि ९२, त्यांना जातो. म्हणजे तेवढेच तू मोजलेस.

शिवाय माणसाची नाडी इतकी आज्ञाधारक नसते. ताप येतो, पोरगी आदल्या दिवशी जत्रेला गेलेली असते, आकडा वर जातो, खाली येतो. तुझा आकडा दर सोमवारी शिपायासारखा दोन-तीन पायऱ्या उतरला आहे.

तुझ्याकडे कुणी असं दूध आणलं असतं तर तू काय केलं असतंस?

मी चार ओळी लिहून देणार नाही. खरे आकडे पाठव, ते वाईट असले तरी. आणि पोरीचा एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून पाठव. मला काहीतरी दिसत नाही आहे.

केशर


वाडी
२० फेब्रुवारी २००४

अक्का,

तसं दूध आणलं असतं तर मी ते रस्त्यावर ओतलं असतं आणि बाईचं नाव फळ्यावर लिहिलं असतं. मागच्या वर्षी केशरबाईचं लिहिलं होतं. तुझ्याच नावाची, म्हणून मला जरा जास्तच जोर आला होता. परवा ती भेटली तेव्हा मी तिला चहा पाजला. का पाजला, ते तिला कळलं नाही.

खरे आकडे असे. ब्रेसशिवाय बहुतेक वेळा: बसून ९२, चालून १५२, पाच मिनिटांत दीडशे मीटर. एका मीटरला दोन ठोके. ब्रेस घालून: बसून ९२, चालून १६०, कधी १६४. अंतर पाच मीटर जास्त. म्हणजे मीटरला दोनाच्या वरच. तुझे साचे पोरीला जड झाले, अक्का. टाच टेकते, चाल सरळ दिसते, आणि धाप जास्त लागते. सहा आठवडे मी हेच मोजत होते आणि दुसरंच लिहीत होते. पहिल्या सोमवारी आकडा दोनदा खोडून लिहिला. तिसऱ्या सोमवारपासून नाडी धरायच्या आधीच आकडा सुचायला लागला.

आता तिचा दिवस. हे मात्र अभिमानानं लिहिते, यात पाणी नाही.

उठल्यावर साचे, बूट घालते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर काढते, चहा पिऊन पुन्हा घालते. माझ्याबरोबर डेअरीत येते, दारात काढते. तिथं पाटीच आहे, 'चपला-बूट बाहेर काढावेत, हुकुमावरून', माझ्याच अक्षरात. निघताना घालते. शाळेत वर्गाबाहेर सगळ्या पोरांच्या चपला ओळीनं, त्यात हिचे बूट. लघवीच्या सुट्टीत घालते, परत आल्यावर काढते. जेवणाच्या सुट्टीत तसंच. घरी आल्यावर, मारुतीच्या पारावर, पुन्हा डेअरीत. साचा बुटात घट्ट बसलेला असतो, त्यामुळे बुटासोबत तोही काढावाच लागतो. दोन्ही पायांचे मिळून सहा पट्टे. उजव्या हाताची बोटं तिला नीट उघडत नाहीत, तरी मी हात लावत नाही. स्वतःचं स्वतः करायला शिकवलं आहे. दिवसातून अकरा वेळा काढते-घालते, एकदाही कुरकुर नाही. एवढी शिस्त धडधाकट पोरांना नाही.

हल्ली जरा गंभीर झाली आहे. सारजाबाईच्या घरी खेळायला जायची, आता ओट्यावरच बसते, आत जात नाही. शाळेत पाणी पीत नाही, म्हणजे सुट्टीत उठावं लागत नाही. मोठी व्हायला लागली, असं मी मायला म्हटलं.

मोजणी ब्रेसशिवायची सकाळी घेते आणि ब्रेसची संध्याकाळी, डेअरीचं काम उरकल्यावर.

गीता


औरंगाबाद
२८ फेब्रुवारी २००४

गीता,

तुझं पत्र मी केंद्रात उभ्याउभ्या वाचलं आणि मग बसले.

अकरा वेळा. एका वेळेला किती मिनिटं लागतात, ते मोज. पाच धर. जवळजवळ एक तास ती पोरगी रोज कुठल्या ना कुठल्या उंबऱ्यावर वाकून पट्ट्यांशी झटते, आणि संध्याकाळी, सगळा दिवस झटून झाल्यावर, तू तिला चालवून नाडी मोजतेस. ती गंभीर झालेली नाही. तिनं घरं कमी केली आहेत. पाणी कमी केलं आहे. आपला हिशेब तिनं आपल्या आधी केला.

पण तुला रागावायला मला तोंड नाही. 'ब्रेस दिवसभर घालून ठेवावेत', ही ओळ आमच्या माहितीपत्रकात मी लिहिली. ज्या पुस्तकांवरून लिहिली, त्या देशांत माणसं बुटासकट स्वयंपाकघरात जातात, बुटासकट वर्गात बसतात. आमच्या केंद्रातही लादी आहे, बूट कुणी काढत नाही. वीस वर्षं मी बीड, जालना, परभणीच्या पोरांना ब्रेस दिले, सहा महिन्यांनी ते धूळ खात पडलेले पाहिले, आणि कागदावर लिहीत गेले, 'पालकांचे सहकार्य नाही'. युसूफ वडगावच्या घरात उंबऱ्यावर चप्पल काढत वाढलेली बाई मी. शिकले आणि उंबरा विसरले.

तर असं कर. सकाळी एकदा घातले की रात्री झोपतानाच काढायचे. मधे कुठल्याही दारात काढायचे नाहीत. दोन आठवडे जाऊ दे, मग दोन्ही मोजण्या सकाळी घे, एक दिवसाआड. बसलेली नाडीही ब्रेस घालूनच घ्यायची.

दारं उघडायचं काम मात्र तुझं. तिथं माझं शास्त्र चालत नाही.

केशर


वाडी
१९ मार्च २००४

अक्का,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी प्रयागला विचारलं, दारात साचे काढायला दम लागतो, हे तू मला बोलली का नाहीस? ती पाटीवर चित्र काढत होती. मान वर न करता म्हणाली, "चालताना न्हाई लागत. दारातच लागतोय. पर तू इचारलंच न्हाई. तू नुसती नाडी धरतीस."

मी घड्याळ काढून फळीवर ठेवलं. 

मग दारं. शाळेपासून सुरुवात केली, तिथं भांडावं लागेल म्हणून जय्यत तयारीनं गेले. सुंदरराव गुरुजी म्हणाले, "बाई, मला वाटलं ते काढायचेच असत्यात. मी तर तिला उशिराचा शेरा देत व्हतो." दोन मिनिटांत काम झालं आणि माझं भाषण वाया गेलं.

डेअरीत संचालक मंडळाची सभा लावली. आमच्या अध्यक्ष दगडाबाई. मी मोठ्या नम्रतेनं सांगितलं, की दुधाच्या जागी स्वच्छता हवी म्हणून आपण नियम केला, तरी एका मुलीपुरता अपवाद करावा. दगडाबाईनं तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली आणि म्हणाली, "दूध संघाचा साहेब येतोय तवा बुटासकट आत येऊन खुर्चीत बसतोय. त्याला कदी पाटी वाचून दाखविली का?" नाही दाखवली. उलट त्याची खुर्ची मीच पुसून देते. "मंग साहेबाचा बूट चालतोय आन् लेकराचा न्हाई, आसं कसं?" ठराव एकमतानं मंजूर झाला. इतिवृत्त मीच लिहिलं. खुर्ची पुसल्याचं गाळलं.

राहिली माय. तुझी मावशी ती, तुला काय सांगायचं. "न्हाई" म्हणाली आणि चुलीकडे वळली. मला वाटलं सोवळं आडवं आलं. मी तिला देवाच्या दारी सगळे सारखे वगैरे ऐकवलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "देवाचं काय न्हाई गं. टँकर चौथ्या दिवशी येतोय. ती रस्त्याचा धुरळा आत आणणार, मंग मी सारवू कशानं? तुझ्या भाषणानं?"

अक्का, मी बारा वर्षं महिला मंडळांत बोलते आहे आणि माझ्या घरातल्या बाईची अडचण पाण्याची आहे, हे मला कळलं नाही.

तोड पुन्हा तिनंच काढली. दुसऱ्या दिवशी जुनी गोधडी फाडून तिनं पिशव्या शिवल्या, बुटावर चढवायच्या, वर नाडी ओवलेली. दारात खुंटीला जोडी लटकलेली. प्रयाग भिंतीला टेकून उभी राहते, पाय पिशवीत घालते, नाडी ओढते आणि आत जाते. अर्धं मिनिट. बाहेर पडताना पिशवी खुंटीला. शाळेला एक जोडी, डेअरीला एक, घराला एक, आणि सारजाबाईनं आपल्या घरासाठी मागून नेली. परवा संध्याकाळी प्रयाग तिच्याकडून यायलाच तयार नव्हती.

आता आकडे. सकाळी घेतले, दगडाबाईला साक्षीला बसवून. ब्रेसशिवाय: ९२, १५२, दीडशे मीटर. मीटरला दोन. ब्रेस घालून: ९२, १४०, एकशे साठ मीटर. मीटरला दीड. चारनं भाग घालून पाहा.

गीता


औरंगाबाद
२ एप्रिल २००४

गीता,

भाग घातला. जातो.

मावशीला सांग, पिशवीच्या तळाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा शिवायचा. नाहीतर सारवलेल्या जमिनीवर घसरेल. तिच्या पिशवीचं चित्र काढून मी इथल्या कारागिराला दाखवलं. तो हसला, मग त्यानं माप मागितलं.

आता कडू बोलते. दोनाचे दीड झाले, ही मोठी गोष्ट आहे. पण दीड म्हणजे इतर पोरांच्या तिप्पटच आहे. धर्मराजला 'बरी झाली' असं सांगू नकोस. डेअरीसमोरची जागा सपाट आहे, शाळेची वाट सपाट नाही. त्याला मागे चालू दे, आणि खऱ्या वाटेवर एकदा चालव. जे निघेल ते त्याच्या डोळ्यांदेखत निघू दे.

आणखी एक. ती शाळेत जावी असं तुला वाटतं, की ती तुझ्याजवळ राहावी असं वाटतं? दोन्ही वाटत असेल तर वाटू दे. पण एकात दुसरं मिसळून मला पाठवू नकोस.

केशर


वाडी
९ मे २००४

अक्का,

धर्मराजची टोळी यंदा लवकर परतली, तिकडंही ऊस वाळला. छबूच्या बहिणीचं लग्न उरकलं आणि मागच्या शनिवारी सकाळी सातला आम्ही निघालो. पुढं प्रयाग, मागं मी घड्याळ घेऊन, माझ्यामागं धर्मराज, आणि त्याच्यामागं, कुणी न बोलावता, निम्मी वाडी.

ओढ्यापर्यंत एक किलोमीटर. एकदा लिंबाखाली बसली, तेवढं धरून पस्तीस मिनिटं. नाडी १४४. बोलत होती, हसत होती, मागच्या लोकांना सावकाश या म्हणत होती. मग चढ. मला पुढं होऊन हात द्यावासा वाटला. दिला नाही. शंभरेक पावलांवर तिचे गुडघे वाकायला लागले. ती खाली बसली. १७२. दोनदा मोजली, दोन्ही वेळा १७२.

धर्मराजनं तिला उचललं, तशी ती म्हणाली, "खाली ठेव आबा. आत्याचं मोजायचं राह्यलंय."

मी म्हटलं, राहिलं नाही बाई, झालं. आणि मी तिथंच, सगळ्यांसमोर भावाला सांगितलं, की ही निम्मं चालते. सपाटीवर निम्मं, रोज, फारसं न दमता. पुढचं निम्मं चालली तर वर्गात जाऊन झोपेल. असं बोलायला मला किती मीटरचे ठोके लागले, ते कुणी मोजलं नाही.

त्यानं तिला खाली ठेवलं आणि ओढ्याकडे बघितलं. ओढ्यात बघण्यासारखं काही नाही, वाळू आहे. मग म्हणाला, "मला वाटलं व्हतं, वढ्यापतुर बी यायची न्हाई." आणि तिच्या बुटावरची धूळ झटकत, "ताई, उरलेल्या निम्म्याचं कायतरी बघ. झालं तर ठेवतो. न्हाई झालं तर दसऱ्याला नेतो. मंग रडायचं न्हाई." त्यानं हे प्रयागला म्हटलं की मला, ते मी विचारलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही. आणि आधी कुठलं, हे मला कुठल्याच पद्धतीनं मोजता येत नाही. सासरहून परत आले त्याला बावीस वर्षं झाली. या घरात सकाळी उठून माझ्यावर चिडणारं दुसरं कुणी नाही. मी यात काही मिसळलेलं नाही, दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत ठेवून पाठवते आहे.

उरलेल्या निम्म्यासाठी मी एक अर्ज लिहिला आहे. उद्या केजला जाऊन देते. नक्कल तुझ्यासाठी खाली उतरवते, कारण मूळ प्रत तिथं गेल्यावर पुन्हा दिसेल असं वाटत नाही.

गीता


नक्कल

प्रति,
मा. भगवानराव साहेब,
अध्यक्ष, तालुका दूध संघ

विषय: दुधाच्या टेम्पोत एक मुलगी बसवण्याबाबत.

महोदय,

आमच्या वाडीची महिला दूध संस्था रोज नऊ कॅन दूध देत असे. दुष्काळामुळे सध्या दोन कॅन देते. म्हणजे आमच्या वाट्याच्या जागेत आपल्या टेम्पोत रोज सात कॅनची जागा रिकामी जाते.

कु. प्रयाग धर्मराज ही माझी भाची जूनपासून नांदूरघाटच्या शाळेत पाचवीत जाणार आहे. ती पायांत ब्रेस घालून चालते. वाडी ते ओढा ती स्वतः चालेल, तेवढं तिला झेपतं. ओढ्यापासून शाळेपर्यंत, म्हणजे आपल्या टेम्पोच्याच रस्त्यावर, चढ आहे, तिथं तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १७२ होतात. हा आकडा मी स्वतः मोजला आहे आणि तो खरा आहे. तिचं वजन तेवीस किलो, म्हणजे भरलेल्या कॅनच्या निम्मं. सांडत नाही. नासत नाही.

संघानं दोन मार्ग एकत्र जोडल्यापासून टेम्पो साडेनऊला येतो, त्यामुळे दूध खराब होतं, अशी लेखी तक्रार मी मार्चमध्ये केली होती. ती मी या अर्जाद्वारे मागे घेते. साडेनऊची वेळ शाळेला सोयीची आहे.

टेम्पोत माणसं बसवायला बंदी आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. चालक ओळखीच्या लोकांना बसवतो, ते तात्काळ थांबवावं, असा अर्ज दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे आला होता आणि त्यावरून आपण ही बंदी घातली. त्या अर्जावर पहिली सही माझी आहे. आपण तो फाइलीतून काढून माझ्यापुढे ठेवाल. ठेवावा. त्यातला एकही शब्द मला आज खोडता येणार नाही. नियम एकीसाठी मोडला की सगळ्यांसाठी मोडतो, हे वाक्यही त्यात माझंच आहे.

परतीच्या प्रवासाची मागणी करीत नाही. येताना उतार आहे, आणि संध्याकाळी तिला घाई नसते.

आपण नाही म्हणाल, हे धरूनच मी केजला येते आहे.  तरीही १५ जूनपासून, रोज सकाळी, ओढ्यापासून शाळेपर्यंत, एका रिकाम्या कॅनच्या जागेवर प्रयागला बसू द्यावं, ही विनंती.

आपली,
गीता, सचिव